वायरवालं पुस्तक

कस्तुराबाईंनी पंचेचाळिसाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसायचं म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरला, तेव्हा भोसरीच्या चाळीतल्या निम्म्या बायका हसल्या आणि उरलेल्यांनी हसू पदराआड लपवलं. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधण्यात त्यांची चौदा वर्षं गेली होती. लाइन लीडरची जागा रिकामी होणार होती, काम त्यांच्याइतकं कुणाला येत नव्हतं, पण अट होती दहावी पासची. बाकी विषयांचं त्यांना काही नव्हतं. भीती होती ती एका गणिताची.

वाचायला निवांत वेळ म्हणजे जाता-येता कंपनीची बस आणि दुपारची अर्ध्या तासाची सुट्टी. कंपनीतलं काही बाहेर जाऊ नये म्हणून मोबाइल गेटवरच्या पेटीत ठेवावा लागे. पुस्तकातलं बारीक अक्षर वायरींनी दमवलेल्या डोळ्यांना झेपेना. म्हणून मुलाने, संघर्षने, अक्षर हवं तेवढं मोठं करणारा ई-रीडर आणला. तो रावेतला कॉम्प्युटरवरची नोकरी करणारा. दुकानदाराने बिनवायफायचं एक जुनं यंत्रही दाखवलं होतं, पण "वायफाय नाही म्हणजे नुसती पाटी," असं म्हणत त्याने नवंकोरं उचललं. शिकलेल्या पोरांना सोय दिसते, गेट दिसत नाही.

गेटवरच्या वॉचमनने, ज्योतीरामने, पहिल्याच दिवशी ते उलटंपालटं करून पाहिलं. चाकणच्या जुन्या गावचा माणूस, नियमाला पक्का.

"ताई, ह्याला वायफाय हाय. आत न्हाई जायचं."

"अहो भाऊ, बंद करून ठेवते की!"

"बंद क्येलेलं चालू व्हतंय. बिनवायफायचं आना, मी सोता सायबाला दावतो."

घरी संघर्ष आधी कंपनीवर चिडला, मग गुपचूप जाऊन यंत्र बदलून आला. पिवळट पडलेलं, कडेला बटणं असलेलं ते जुनं यंत्र साहेबांनी तपासलं, त्यावर हिरवं स्टिकर लावलं आणि कस्तुराबाई गणित घेऊन कॅन्टीनमध्ये बसल्या.

अडचण एकच. त्यात काही भरायचं तर घरी कॉम्प्युटरला वायर लावावी लागे. संघर्ष कुरकुरला. पण वायर लावून बसला की सहज विचारी, "कालचं समजलं का?" त्या मान डोलवत. तो उदाहरण घालून बघे आणि ते चुकलेलं असे. एके दिवशी तो म्हणाला, "आई, जुडग्यात एकूण वायरी चाळीस. काळ्या बावीस. लाल किती माहीत नाही, त्या लालला क्ष म्हण."

"अगं बाई! एवढंच होय ते?" कस्तुराबाई खरंच हरखल्या. दहा मिनिटांचं काम तासावर गेलं, आणि घरी आल्यावर मोबाइलमध्ये तोंड खुपसणारा पोरगा रोज आईशेजारी बसू लागला.

दिवसभर कनेक्टर जोडणाऱ्या बाईला ती वायर लावायला शिकायला कितीसे दिवस लागणार? पण रोज संध्याकाळी वायर त्या संघर्षच्याच हातात देत. एका संध्याकाळी संघर्षला उद्याचा धडा यंत्रात आधीच दिसला. त्याने आईकडे पाहिलं. आई मेथी निवडण्यात दंग होती. तो वही घेऊन शेजारी बसला.

निकाल दुपारी लागला. फोन पेटीत आणि कस्तुराबाई कॅन्टीनमध्ये. तेवढ्यात कधी गेट न सोडणारा ज्योतीराम धापा टाकत आत आला.

"ताई, पास! गेटवरच्या फोनवर तुमच्या पोराचा फोन आलता. गनितात येक्केचाळीस!"

कस्तुराबाईंना हुंदका फुटला. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "अहो, मग गेटवर कोण आहे?"

"ऱ्हाऊंद्या वो आज!"

संध्याकाळी संघर्ष पेढे घेऊन आला. "आई, आता तरी वायफायवालं घेऊ या. लाइन लीडर होशील. ही वायर नको नि माझी वाट बघणं नको."

कस्तुराबाईंनी त्याच्या तोंडात पेढा घातला आणि हातात वायर दिली.

"बस इथं. बारावीचं भर."