दोघींच्या नावाचा मटारांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि सध्या केसरबाईंच्या मोरीत नळाशेजारी बसतो. पोटात भांडी घासायची राख, अंगावर गंज. मला सगळे राखेचा डबा म्हणतात. म्हणू देत. माझं मूळ घराणं मटारांचं.

दारावर ताजी भाजी येत असताना लोक डब्यातली भाजी का घेतात, असं तुम्हाला वाटत असेल. मलाही ते कोडंच होतं. त्याचं उत्तर मला एका बाईनं दिलं, आणि ते देईपर्यंत तिला फार सोसावं लागलं. तीच हकिकत सांगतो.

थंड हवेच्या मुलखात एका कारखान्यात मी घडलो. पत्रा वळवला, कडा डाख देऊन जोडल्या, आत सोललेले कोवळे मटार आणि मिठाचं पाणी भरलं, वर झाकण दाबून बसवलं. मग कडक वाफेत घातलं. त्याला आंघोळ म्हणावं तर अशी आंघोळ वैऱ्यालाही न मिळो. पण त्यानंतर बाहेरची हवासुद्धा माझ्या आत येऊ शकत नव्हती. आता फक्त थांबायचं होतं. थांबणं हाच आमचा धंदा.

रेल्वेनं मी हैदराबादेत आलो आणि आबिड्सच्या एका दुकानात फळीवर बसलो. तिथून माणसं बघायची चांगली सोय होती. साहेबांकडे जन्म घालवलेला एक म्हातारा खानसामा सवयीनं डबा नेई. एकटा राहणारा बँकेतला बाबू आळसानं नेई. हॉटेलवाला पुलाव हिरवा दिसावा म्हणून नेई आणि गिऱ्हाइकाला सांगे, आजच मळ्यातून आलेत. कुणी भूक लागली म्हणून डबा नेला, असं मी पाहिलं नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन बायका दुकानात आल्या. दोघी परभणीकडच्या शेतकरी घरांतल्या. नवरे एकाच सरकारी कचेरीत कारकून, म्हणून सुलतान बाजारच्या मागच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. पुढं होती ती इंदुताई. तिला लिहिता-वाचता येई, उर्दू बोलता येई, तेलुगूत भांडता येई. मागं होती ती केसरबाई. तिला यातलं काहीच येत नसे. दवाखाना असो, रेशन असो, की माहेरचं पत्र असो, केसरबाईंचं तोंड आणि कान दोन्ही इंदुताईच होती.

"इंदुताई, हे काय हो?" केसरबाईंनी माझ्याकडं बोट केलं.

"मटार. भर उन्हाळ्यात हिरवे मटार खायचे."

"डब्यातलं म्हणजे शिळंच की!"

"शिळं कसं होईल? बंद आहे ना."

"असं? मग तोंड बंद ठेवलं तर माणूस म्हातारं होत नसंल." केसरबाई म्हणाल्या. "आपल्या गल्लीत तसं कुणी नाही, म्हणून कळलं नाही."

दुकानदार गल्ल्यामागं हसला. "ले जाव अम्मा, बारा महीने ऐसाच रहता."

दोघींनी मिळून मला घेतलं.

घरी आल्यावर केसरबाईंनी एक गंमत केली. नवं भांडं घरात आलं की त्याला हळदी-कुंकू लावायचं, ही त्यांच्याकडची रीत. डब्यालाही त्यांनी ते लावलं. मी भांडं नाही, माझं काम एकदाच उघडून संपायचं, हे त्या माउलीला कुणी सांगितलं नव्हतं. इंदुताई आधी पोट धरून हसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आता ह्याला उगीच कशाला फोडायचा? आपण दोघी इथंच राहणार हे पक्कं झालं, की त्या दिवशी एका पंक्तीला बसून खाऊ."

हे राहणार-जाणार काय होतं, ते सांगतो. ती राज्यांची वाटणी व्हायची वर्षं होती. जुनं हैदराबाद राज्य मोडून त्याचे भाग शेजारच्या राज्यांना मिळणार होते. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, हैदराबाद शहर आंध्रात. कचेरीतल्या मराठी लोकांना कुठं जायचं त्याची पसंती विचारली होती. नागोरावांचं, म्हणजे केसरबाईंच्या मालकांचं, मन औरंगाबादकडं होतं.

"आपली बोली, आपली माणसं," ते म्हणत. "इथं आपलं कोण आहे?"

"इंदुताई आहेत की."

"अगं, त्यांचं काय ठरलंय ते तर विचार."

केसरबाईंनी परसातल्या भिंतीवरून विचारलं. मी खिडकीजवळच्या फळीवर होतो, शब्दन् शब्द ऐकला.

"आम्ही कुठं जाणार?" इंदुताई म्हणाली. "इथंच हाडं पडायची आमची. तुम्ही मात्र जाऊ नका हो. तुम्ही गेलाव तर मला करमायचं नाही."

त्या शेवटच्या वाक्यानं केसरबाईंचा चेहरा असा उजळला, की दिवाळी यायची गरज उरली नाही. त्यांनी नागोरावांचा पिच्छा पुरवला. नागोराव भला माणूस. बायको परमुलखात एकटी पडू नये म्हणून त्यांनी आपलं मन गुंडाळून ठेवलं आणि हैदराबाद मागून घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आता तरी फोड हा डबा. रोज तो माझ्याकडं बघतो अन् मी त्याच्याकडं."

"हात लावायचा नाही! अजून सरकारचा हुकूम यायचाय."

उन्हाळा आला. मित्रांनो, साठवणीचे पदार्थ म्हणजे माझे भाऊबंद. पापड, सांडगे, लोणचं, सगळे माझ्याच जातीचे, थांबणारे. तेव्हा त्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. केसरबाईंच्या अंगणात सांडगे वाळायला लागले. इंदुताईच्या अंगणात काही नाही. केसरबाईंनी पापड लाटले. इंदुताई लाटू लागायला आली, स्वतःचे मात्र केले नाहीत. शेवटी कैऱ्यांचे दिवस आले. केसरबाई बेगम बाजारातून मोहरीची डाळ, मेथ्या, हिंग घेऊन आल्या आणि भिंतीवरून ओरडल्या, "इंदुताई, लोणचं नाही का घालायलाव?"

"औंदा कैऱ्या बऱ्या नाहीत हो. अन् माझा हात दुखायलाय."

मी मनात म्हटलं, झालं! जी बाई वर्षाचं लोणचं घालत नाही, ती वर्षभर त्या घरात राहणार नाही. एवढा साधा हिशेब कुठल्याही बरणीला कळला असता. पण केसरबाईंना कैऱ्याही दिसल्या नाहीत आणि हिशेबही. त्यांना दिसला फक्त दुखरा हात. त्यांनी दोन घरांचं लोणचं घातलं. दोन बरण्या भरल्या, दोन्हीला फडक्याचे दादरे बांधले आणि एक माझ्या शेजारी ठेवत म्हणाल्या, "ही इंदुताईची. मुरलं की देऊ."

मी ओरडून सांगणार होतो. पण मला सीलबंद केलेलं. माझं तोंड उघडायला सुरी लागते.

दसऱ्याच्या आसपास नागोराव एका संध्याकाळी कचेरीतून आले ते टोपी न काढताच पाटावर बसले.

"हुकूम आला," ते म्हणाले. "आपलं इथंच राहायचं पक्कं झालं."

"अगं बाई! थांबा, इंदुताईला हाक मारते. आजच फोडू डबा."

"इंदुताईचे अप्पाराव औरंगाबादला चालले."

केसरबाई उभ्याच राहिल्या. "काहीतरी चुकलं असंल. पाठवायलेत का त्यांना बळंच?"

"बळंच कशाला? त्यांनी पहिल्यापासून तेच मागितलं होतं. तिथं हेडक्लार्कची एकच जागा आहे. नोकरीत मी त्यांच्या पुढं. मी गेलो असतो तर ती मला मिळाली असती. मी नाही म्हणालो, ती त्यांना मिळाली."

"इंदुताईला ठाऊक नसंल हो हे."

नागोरावांनी आता टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "अप्पाराव स्वतःच हसत हसत सांगत होते कचेरीत. म्हणे, आमच्या हिनंच सगळं जमवून आणलं." मग म्हणाले, "तूच म्हणाली होतीस ना, त्या राहणार म्हणून?"

रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी इंदुताई आपणहून आली. चेहऱ्यावर हसू होतं, पण ते उंबऱ्याच्या आत आलं नाही.

"कळलं असंल तुम्हाला. काय करायचं हो, पुरुषांच्या नोकरीच्या गोष्टी. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

"मला नव्हतं कळलं," केसरबाई म्हणाल्या. "तुम्हाला कळलं होतं."

"असं मनाला लावून घेऊ नका. चला, आज डबा फोडू. एकत्र जेवू. एवढ्या दिवसांची आपली—"

"तो दोघी राहिल्या तर फोडायचा होता."

इंदुताई चुळबुळ करत म्हणाली, "येते मग." केसरबाईंनी तिला थांबवलं, फळीवरची बरणी उतरवली आणि तिच्या हातात दिली.

"अहो, ह्याची काय गरज?"

"तुमच्या नावानं घातलंय. ते मी माझ्या घरात कशी खाऊ? न्या."

मला वाटलं, हिला थोडी तरी लाज वाटेल, ही बरणी ठेवून जाईल. मित्रांनो, तिनं ती नेली. काचीगुडा स्टेशनला जायला टांगा आला तेव्हा सगळं सामान मागं बांधलेलं होतं आणि बरणी मात्र इंदुताईच्या मांडीवर होती, तेल सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलेली. हात तेव्हा दुखत नव्हता. केसरबाई निरोप द्यायला दारात आल्या नाहीत. खिडकीशी, माझ्या बाजूला उभ्या राहिल्या आणि टांगा वळेपर्यंत बघत राहिल्या.

मग नोव्हेंबर उजाडला आणि आमचं शहर नव्या राज्यात गेलं. रस्त्यात बँड वाजत होता. केसरबाईंनी मला खाली उतरवलं. फोडायचं हत्यार घरात नव्हतं. सुरीचं टोक झाकणावर धरून त्यांनी वरवंटा असा मारला, की तो घाव माझ्यासाठी नव्हता हे मलाही कळलं. झाकण वाकडंतिकडं कापलं गेलं. त्यांचं बोटही थोडं कापलं. त्यांनी ते तोंडात धरलं आणि आत डोकावल्या.

मटार होते. हिरवे, गोल, जसे कोंडले होते तसे. केसरबाईंनी एक उचलून दातांखाली फोडला. मग मला फिरवून माझ्या अंगावरचं कागदी चित्र बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण चित्रात मटारांच्या शेंगा होत्या, ते दिसत होतं. त्या एकदा चित्राकडं बघत, एकदा आत बघत. आणि मग त्या रडल्या. इंदुताई गेली त्या दिवशी न आलेलं रडू माझ्या काठावर आलं.

त्या दिवशी दोघांनी मटारभात खाल्ला. नागोराव म्हणाले, "चांगला झालाय." औरंगाबादचं नाव त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. पण संध्याकाळी कचेरीतून आल्यावर ते पूर्वीसारखे गुणगुणतही नसत. ते न गुणगुणणं केसरबाईंना ऐकू येई.

चार दिवसांनी केसरबाई पहिल्यांदाच एकट्या आबिड्सला निघाल्या. वाचता येत नाही, दुसरंच काही हातात पडेल, म्हणून मला धुऊन पिशवीत घातलं. दुकानात मला गल्ल्यावर ठेवून म्हणाल्या, "भैया, ऐसाच एक होना."

"अम्मा, कायकू? अब ताजा मटर आताच है बाजार में. और वो दूसरी अम्मा नै आए?"

केसरबाईंनी पदर खोचला. हैदराबादी हिंदीत जेवढे शब्द होते तेवढे गोळा केले आणि उरलेली जागा मराठीनं भरली.

"वो अम्मा गए. ताजा आयेगा तो ताजा खायेंगे. पण भैया, ह्याच्या वर जे काढलंय ना, अंदर वहीच निकला. उतना बस है मेरेकू."

दुकानदार या वेळी हसला नाही. फळीवर चढून डबा काढून दिला.

तेच ते उत्तर, मित्रांनो. खानसाम्याची सवय, बाबूचा आळस, हॉटेलवाल्याची लबाडी, सगळं असेल. पण जिला एकदा माणसानं फसवलं, ती पुन्हा डब्याकडं का वळते, ते मी त्या दिवशी ऐकलं.

परतताना पिशवीत आम्ही दोघे होतो. तो भरलेला, मी रिकामा. घरी आल्यावर माझी जागा त्याला मिळाली आणि मला राख. इतके महिने मी तिच्यासाठी थांबलो, तिचं रडणं झेललं, याची एका वाक्यानंही नोंद झाली नाही. मला वाईट वाटलं. अजून वाटतं. पण एक सांगतो, केसरबाईंनी मला कधी वेगळं आश्वासन दिलं नव्हतं. रिकाम्या डब्याचं काय होतं हे सगळ्यांना माहीत असतं.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. डबा घ्याल तेव्हा फुगलेला किंवा पोचा पडलेला घेऊ नका. उघडलात की आतलं लगेच भांड्यात काढा, पत्र्यात ठेवू नका. कापलेल्या कडेला जपून हात लावा. आणि कुणी तुमच्या शब्दावर आपलं बिऱ्हाड मांडून बसणार असेल, तर आत काय आहे ते त्याला आधीच दाखवा. लोणचं घालायच्या आधी दाखवा.