तीनशे अठराचा तोबरा

मी तोबरा बोलतोय. तोबरा म्हणजे घोड्या-खेचराच्या तोंडाला बांधायची दाणा-चंदीची पिशवी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पन्नास वर्षं माणसांनी मला भलतंच काहीतरी समजलं, माझ्यापुढं मेणबत्त्या लावल्या, आणि मी मुकाट्यानं लावून घेतल्या. करणार काय? तोबऱ्याला तोंड असतं, जीभ नसते.

कुठल्याशा सरकारी कारखान्यात जाड खाकी कापडातून मला शिवलं. बुडाला कातडं, आणि जनावराचा श्वास कोंडू नये म्हणून अंगाला पितळी कड्यांची बारकी भोकं. मोठी लढाई चालू होती, त्यामुळं आमच्यासारख्यांची नुसती खोगीरभरती. एका शिपायानं पत्र्याचा साचा धरून माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात तीन इंग्रजी आकडे उमटवले, ३१८. त्याच नंबरचं खेचर मला मिळालं. की मी त्याला मिळालो, काय म्हणाल ते.

ते खेचर हाकायला होता कचरू. नेवासा तालुक्यातला, घोडेगावापासून कोसभरावरच्या वाडीचा, वीस-बावीस वर्षांचा. ब्रह्मदेशाच्या डोंगरात आम्ही तिघं गेलो. जंगलात खेचर ओरडलं तर शत्रूला सुगावा लागेल, म्हणून डॉक्टरांनी त्याचा आवाज कापून टाकला होता. बिचारं ओरडायला तोंड उघडायचं आणि नुसती हवा बाहेर यायची. कचरूला ते बघवायचं नाही. रोज संध्याकाळी मला त्याच्या तोंडाला बांधताना तो त्याच्याशी बोलत बसायचा.

"खा रं बाबा. तुला बोलाया येत न्हाई, मला बोलाया कुनी न्हाई. माझी बायको पोटुशी हाय. तुलाच सांगतो, दुसऱ्या कुनाला सांगू?"

चव्वेचाळीसच्या पावसाळ्यात खेचर घसरून दरीत गेलं. मी तेव्हा कचरूच्या खांद्यावर होतो म्हणून राहिलो. चौथ्या दिवशी कचरूही गेला. गोळी नाही, तलवार नाही, झेंडा नाही. हगवण आणि ताप. सोबत्यांनी त्याचं किडूकमिडूक, म्हणजे एक कंगवा, अ‍ॅल्युमिनियमचा मग आणि मफलर, माझ्या पोटात घातलं, माझं तोंड दोऱ्यानं शिवलं आणि दिलं पाठवून. त्याची स्वतःची पिशवी कुठं गेली कुणास ठाऊक. सगळा घोळ इथं झाला.

पार्सल वाडीवर पोचलं तेव्हा त्याची बायको चांगुणाबाई अठरा वर्षांची होती. मांडीवर भीमराज, बापानं न पाहिलेला. सोबतचा इंग्रजी कागद कुणीतरी वाचून दाखवला, पुढं तो गळक्या छपराखाली भिजून लगदा झाला. राहिलो मी. वाडीत बैल घरोघरी, घोडं एकाकडंही नव्हतं. पलटणीतून आलेली पिशवी म्हणजे शिपायाचीच असणार, आणि तिच्यावरचा नंबर म्हणजे शिपायाचाच असणार, असं सगळेच धरून चालले. कुणाला काय दोष द्यायचा!

महिन्याभरानं गोंदणारी बाई वाडीवर आली. त्या काळात बाईनं नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशी रीत, आणि गोंदणारीला लिहिता येत नव्हतं. चांगुणाबाईनं मला तिच्यापुढं ठेवलं.

"ह्यो नंबर काढ हातावर. त्यांचा हाय."

शेजारणी म्हणाल्या, "अगं बये, आता कुनासाठी गोंदून घेती?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली.

गोंदणारीनं माझ्याकडं बघत बघत सुई टोचली. रक्त पुसायची, परत बघायची, परत टोचायची. चांगुणाबाईनं हूं का चूं केलं नाही. आणि मी समोर पडून बघत होतो. अहो, एका खेचराचा नंबर त्या पोरीच्या हातावर चढत होता, आणि जगात ते ठाऊक असणारा मी एकटा! त्या दिवशीइतकी माझी मला लाज कधी वाटली नाही.

पुढं छप्पन साल आलं. वाडीनं धम्म घेतला, घरातले देव निघाले, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर आली. मी मात्र राहिलो. कचरूचा फोटो नव्हताच, म्हणून तसबिरींच्या खाली खुंटीला मी. वैशाख पौर्णिमेला तसबिरींपुढं मेणबत्ती लागली की चांगुणाबाई एक माझ्यापुढंही लावायची. भीमराज मोठा झाला, शुगर फॅक्टरीत लागला, त्याला मुलगी झाली, दीपा. म्हातारीजवळ नवऱ्याचं म्हणून जगात दोनच गोष्टी होत्या: खुंटीवरचा मी आणि हातावरचे तीन आकडे. लढाईचा विषय निघाला की ती पदर सारून हात पुढं करायची. बास, तेवढंच तिचं बोलणं.

दीपा नेवाशाला कॉलेजात गेली आणि कविता करू लागली. पंचाण्णव सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी दुसरं महायुद्ध संपून पन्नास वर्षं झाली म्हणून नगरला मोठी कवितास्पर्धा ठेवली होती. मराठीचे गोरक्ष सर वर्गात म्हणाले, वीरांवर लिहा. दीपा म्हणाली, "सर, वीरांवर सगळेच लिहितात. जे नुसते ओझी वाहून मेले, त्यांच्यावर लिहिलं तर?" सर म्हणाले, लिही की. पोरगी मोठी हट्टी. माझ्याखाली वही घेऊन बसायची आणि आजीला विचारायची, "आजी, आजोबा तिथं करायचे काय गं?"

"लढायचे."

"पण कसं?"

"आता ते मी काय बघाया गेल्ते व्हय?"

घोडेगावच्या बाजारात गहिनीनाथ नावाचा एक म्हातारा जनावरांचे दात बघून वय सांगायचा. तोही त्या लढाईत होता असं दीपाच्या कानावर आलं. बाजाराच्या दिवशी तिनं मला खुंटीवरून काढलं आणि त्याच्यापुढं नेऊन ठेवलं. त्यानं माझ्या भोकांवरून बोट फिरवलं, आत नाक घालून वास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"पोरी, ह्यो तर तोबरा. मी असलेच बांधले पाच वर्सं. आन् ह्यो नंबर मानसाचा न्हाई. जनावराचा हाय. मानसाचा लई लांबलचक असतो, गळ्यातल्या बिल्ल्यावर."

दीपा मला मांडीवर घेऊन त्याच्याजवळच खाली बसली. मग तिनं त्याला एवढंच विचारलं, खेचराचं काम काय असतं, हाकणाऱ्याचं काय असतं. त्यानं सगळं सांगितलं, आवाज कापल्याचं, खेचरं दरीत गेल्याचं, माणसं तापानं मेल्याचंही. निघताना म्हणाला, "म्हातारीला सांगू नगंस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

अखेर कुणाला तरी खरं कळलं म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं. पण घरी आल्यावर दीपानं मला परत त्याच खुंटीला अडकवलं, आकडे पुढं दिसतील असं. तिनं त्या आठवड्यात दोन कविता लिहिल्या. एक शूर शिपायाची, यमकाची, आजीला ऐकवायला. दुसरी खेचराची. दुसरी तिनं स्पर्धेला पाठवली. आजीला वाचता येत नाही, नगर लांब आहे, कुठं कळणार आहे, असा तिचा हिशोब.

कविता पहिली आली. आणि गोरक्ष सरांनी, भला माणूस, काय करावं? आयोजकांना जाऊन सांगितलं की कवयित्रीची आजी म्हणजे युद्धातल्या शिपायाची बायको. झालं! बक्षीस समारंभात आजीला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं आणि आजोबांची आठवण म्हणून मलाही घेऊन यायचा निरोप आला. चांगुणाबाईनं ठेवणीतलं लुगडं काढलं. मला ओल्या फडक्यानं पुसून काढलं. दीपा म्हणाली, "आजी, तू नको येऊस, दगदग होईल." म्हातारी हसली, "पन्नास वर्सांत त्यांच्यासाठी कुनी बोलावलंय मला? येऊ दे की."

नगरला स्टेजवर मला मखमलीवर ठेवून हार घातला. प्रमुख पाहुणे उठले. खेचराचं तोंड मी बघितलंय जवळून, पण त्या माणसाचं तोंड काही औरच. म्हणाले, या माउलीच्या पतीनं सात शत्रूंना लोळवलं, छातीवर गोळ्या झेलल्या. सात! हे त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक. हगवणीनं गेलेला माझा कचरू असा पुसला गेला. मी दीपाकडं बघत होतो. तिच्या हातात दोन्ही कागद होते. शिपायाची कविता वाचली असती तरी कुणी हरकत घेतली नसती. परीक्षकांनी विचारलं तर मी निस्तरते, असं ती सरांना येताना म्हणालीही होती. पण ते सात शत्रू ऐकले आणि तिनं तो कागद मुठीत चुरगाळला.

ती वाचू लागली:

"मी नंबर तीनशे अठरा.
त्यांनी माझा आवाज कापला
शत्रूला ऐकू जाऊ नये म्हणून.
तुझा कुणी कापला नव्हता, बाई,
तरी तू एकदाही
त्याचं नाव घेतलं नाहीस.
तो तापात मेला, मी दरीत.
त्याचं ओझं मी वाहिलं,
माझा आकडा तू वाहतेस.
हात खाली घे, बाई.
दुखत असेल."

टाळ्या थांबेनात. चांगुणाबाईनंही टाळ्या वाजवल्या, नात बोलली म्हणून. पण मधेच तिचे हात थांबले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, मी मांडीवर. इमामपूरचा घाट उतरेपर्यंत माझ्यावरच्या आकड्यांवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "दीपे, तीनशे अठरा कुनाचा म्हनलीस?"

दीपानं तोंड फिरवलं.

"सांग की. मी काय ल्हान हाय का आता?"

मग दीपानं सांगितलं. गहिनीनाथ, बिल्ला, खेचर, सगळं. रडत रडत, दहादा माफी मागत. म्हातारी रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. ती कितीतरी वेळ आपल्या हाताकडं बघत राहिली आणि एकच विचारलं.

"मग त्यांचा कंचा हुता?"

कुणाला ठाऊक होता? कचरूच्या गळ्यात बिल्ला होता, मी रोज त्याच्या छातीशी असायचो, पण तो बिल्ला सदऱ्याच्या आत. मी कधी पाहिला नाही. जीभ असती तरी मला सांगता आलं नसतं, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला खुंटीवरून काढलं, अंगणातल्या शेळ्यांच्या छपरात नेऊन अडकवलं. "जनावराचं हाय, जनावराकडं ऱ्हाऊ दे," म्हणाली. खोटं कशाला बोलू, मेणबत्त्यांपेक्षा मला हे बरं वाटलं. पण त्या दिवसापासून तिनं तो हात पदराखाली धरला तो धरलाच. भाकरी थापतानाही बाही ओढून घ्यायची.

दीपानं लष्कराच्या दप्तराला पत्र लिहिलं. नाव, गाव, साल, खेचरांची पलटण, कळलं तेवढं सगळं. म्हातारी रोज पोस्टमनची वाट बघायची. दीपा बारावी झाली, शेवगावला डी.एड.ला लागली, तरी उत्तर नाही. सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये आलं. दीपा सुट्टीला आली होती. छपरापुढंच उभं राहून तिनं पाकीट फोडलं. मी वरून वाचलं, दोनच ओळी: या नावाच्या अनेक नोंदी आहेत, शोध घेण्यासाठी शिपायाचा नंबर कळवावा.

"काय लिव्हलंय?" म्हातारी शेळीची धार अर्धी टाकून उठली होती. "गावला का?"

दीपानं कागदावरून डोळे वर काढले नाहीत. "गावला, आजी."

आणि तिनं सहा आकडे वाचून दाखवले. सावकाश, एकेक. कागदावर एकही आकडा नव्हता. तो तिचाच बारावीचा बैठक क्रमांक होता. परीक्षेच्या वेळी याच अंगणात फेऱ्या मारत तिनं तो घोकला होता, म्हणून मला पाठ आहे.

"परत सांग," म्हातारी म्हणाली. दीपानं परत सांगितला. म्हातारीचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

पुढच्याच बाजारी चांगुणाबाई घोडेगावला गेली. तिथं हल्ली मशीनवर गोंदणारा बसतो. तो म्हणाला, "आजे, कातडं लई पातळ झालंय, रगत लई येईल." ती म्हणाली, "येऊ दे." तीनशे अठराच्या खाली तिनं ते सहा आकडे काढून घेतले. वरचे खोडू का, असं त्यानं विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यांच्यासंगं हुतं ते."

आता ती परत पदर सारून हात दाखवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला, भीमराजच्या फॅक्टरीतल्या माणसांना, शेळ्या घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याला. दीपा सुट्टीला येते तेव्हा म्हातारी तो हात तिच्या डोक्यावरून फिरवते आणि दीपा मान खाली घालून बसते. कविता तिनं सोडली. गोरक्ष सर दोनदा घरी येऊन गेले, नवीन काय लिहिलंस विचारायला. ती म्हणाली, काही नाही सर, अभ्यास असतो.

मी छपरात आहे. बुडाचं कातडं उंदरांनी खाल्लं, पांढऱ्या रंगाचा एकच आकडा वाचता येतो. माझं फार दिवस राहिलेलं नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याकडं एकच मागणं आहे. एखाद्या दप्तरात, कुठल्या जुन्या यादीत, नेवासा तालुक्यातल्या खेचरवाल्या कचरूचा खरा नंबर तुम्हाला सापडलाच, तर तो आमच्या दारात घेऊन येऊ नका. म्हातारीच्या हातावर आता जागा नाही.