चारचा पहारा

“मंग त्या म्हातारीनी त्याले घरमा ये म्हनंच काबरं?” प्रेमराज आबांनी मांडीवर थाप मारली आणि ओट्यावरच्या बाया खुर्च्यांसकट पुढे सरकल्या.

ओटा निंबा नानांच्याच घराचा. नाना स्वतः मात्र रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेतल्या मांडवात, गळ्यात वीणा घालून उभे होते. जळगावातल्या त्या कॉलनीच्या सप्ताहाचा पाचवा दिवस. दुपारी दोन ते चार नानांचा पहारा. पंगती उठून गेल्या होत्या, आचारी कढयांच्या आडोशाला आडवे झाले होते, दोन म्हाताऱ्या खांबाला टेकून पेंगत होत्या. संध्याकाळी कीर्तन उभं राहीपर्यंत मांडवात जागं असं एकच, नानांचं बोट आणि त्याखालची तार. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नाही, तार थांबू द्यायची नाही, आणि पहाऱ्यावरच्या माणसाने नामाशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. पाइपच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाले त्या वर्षी नानांनीच हा सप्ताह सुरू केला होता. तेव्हापासून वीणा एकदाही जमिनीला टेकली नव्हती. नानांना दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता, याचा होता.

त्यामुळे ओट्यावरचं ऐकू सगळं येत होतं आणि बोलता काहीच येत नव्हतं.

तिथे ‘रात्रपाहुणा’ची चर्चा चालली होती. या मालिकेत एक देखणा रक्तपिशाच्च होता. तो दिवसा पेटीत झोपायचा, रात्री केस विंचरून बाहेर पडायचा आणि ज्याची मान चावायची त्याच्याशी आधी प्रेमाबद्दल बोलायचा. रात्री भाग झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर त्याची चिरफाड. मेथीच्या एका जुडीवरून भाजीवाल्याला रडवणारी पुष्पाबाई त्या पिशाच्चाच्या उपासमारीने कासावीस व्हायची. आणि या सगळ्यांची म्होरकी नानांची सून, कामिनी. सासूबाई गेल्यापासून घर तिच्याच हातात होतं. पण नानांच्या मते तिचं डोकं त्या पेटीत होतं.

बायांचं एक वेळ सोडून दिलं असतं. आबांचं काय करायचं? हा प्रेमराज डाळमिलचा जुना मुकादम, कीर्तनात पहिल्या रांगेत टाळ धरणारा. बुवा अभंगाच्या एका चरणातला एक शब्द धरतात. हाच शब्द का? दुसरा का नाही? शंका काढतात, ती उलटीपालटी करतात, आणि सोडवता सोडवता ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात. नानांनी त्या पाण्यावर आयुष्य काढलं होतं. तीच रीत उचलून आबा आता पिशाच्चाच्या सुळ्यांना लावत होते.

“नियम काय शे?” आबा निरूपणाच्या सुरात म्हणाले. “घरना मानूस ‘ये’ म्हनत नही, तोवर त्याले उंबरठा ओलांडता येत नही. मंग ती म्हातारी ये म्हननी काबरं?”

“तिले दिसत नही ना. मोतीबिंदू शे,” पुष्पाबाई म्हणाली. “तिले वाटनं, आपलाच पोऱ्या शे.”

“नही वं. मोतीबिंदू मागला भागमाच डॉक्टरनी काढा तिना,” दुसरी एक म्हणाली.

सगळे गंभीर झाले. मोतीबिंदू जसा काही कॉलनीतल्याच कुणाचा होता.

“तिला दिसत होतं,” कामिनीचा आवाज आला. “नीट आठवा. ती कपात साखर ढवळत असते. आधी चमच्याचा आवाज थांबतो. मग ती वर बघते. मग म्हणते, ये. म्हणजे ओळखलं, आणि ओळखून बोलावलं.”

“जीव जाईल हे माहीत राहीसन बी?” पुष्पाबाईने विचारलं.

“इतक्या वर्षांत तिच्या दाराशी कुणी उभंच राहिलं नव्हतं, काकू.”

वा, नाना मनात म्हणाले. कुणी येत नाही म्हणून रक्त पिणाऱ्याला पाट मांडायचा! मग त्यांना आपला मुलगा, कामिनीचा नवरा हितेंद्र आठवला. तो नरडाण्याला कंपनीत होता. सुट्टीला यायचा, झोपायचा, जायचा. नानांनी तो विचार पुढे जाऊ दिला नाही. तार जोरात छेडली.

सप्ताहाआधी देवळात पहारे वाटायला माणसं बसली, तेव्हा कामिनी म्हणाली होती, “दुपारचा एखादा मला द्या.” बाया पहारा करायच्याच, कुणाची हरकत नव्हती. नानाच म्हणाले होते, “रोज रक्त पिणाऱ्यांची तोंडं बघायची आणि वर गळ्यात वीणा घालायची? त्यापेक्षा खुंटीला अडकवा.” लोक हसले होते. कामिनी उठून चहाचे कप गोळा करायला लागली होती. त्यानंतर तिने सप्ताहाला पोळ्या लाटून दिल्या, भांडी घासली. पण मांडवात पाऊल टाकलं नव्हतं.

चार वाजले. चारचा पहारा प्रेमराज आबांचा.

आबा उठले नाहीत. नाना खाकरले. मग त्यांनी ‘रामकृष्णहरी’ मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, तोंड ओट्याकडे करून, एकेक अक्षर फेकून मारल्यासारखं.

“दखा,” पुष्पाबाई कौतुकाने म्हणाली, “नानाले आज कसा रंग चढना.”

सगळ्यांनी तिकडे बघून हात जोडले आणि पुन्हा म्हातारीकडे वळले.

नानांच्या डाव्या गुडघ्यातून कळ निघाली आणि कमरेपर्यंत आली. पायाला मुंग्या आल्या. वीणेचा पट्टा मानेत रुतला होता. शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्ची म्हणजे काही जमीन नव्हे, त्यांच्या मनात आलं. क्षणभर टेकवली तर कोण बघतंय? म्हाताऱ्या झोपलेल्या, देव तसबिरीत. नाना खुर्चीकडे अर्धं पाऊल सरकले आणि स्वतःचीच किळस येऊन मागे आले. बोट घामाने ओलं झालं होतं. ते तारेवरून घसरलं. पुन्हा लागलं. पुन्हा घसरलं.

ओट्यावर कामिनी काहीतरी सांगत होती. ती मध्येच थांबली.

“काय व्हयनं?”

“नानांची तार अडतेय.” ती उभी राहिली. “आबा, चारचा पहारा कुणाचा?”

“मनाच शे पहारा. जास ना मी. हाऊ एक मुद्दा पुरा व्हऊ दे. म्हातारीना मनमा काय व्हतं, ते—”

कामिनीने ते ऐकून घेतलं नाही. अंगणातल्या नळावर तिने हातपाय धुतले, पदर डोक्यावरून घेतला आणि रस्ता ओलांडला. मांडवाच्या कडेला सतरंजी सुरू होत होती, तिथे येऊन ती थांबली. तिच्या ओल्या पायांना धूळ चिकटली होती. ती आत येईना आणि परतही जाईना. नानांकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत उभी राहिली.

नानांनी ओट्याकडे पाहिलं. आबांचा हात हवेत फिरत होता. आत्ता जोरात त्यांचं नाव घेतलं तर ते येतीलही. पण हाक मारायची म्हणजे पहारा मोडायचा. आणि बोट? ते आणखी किती वेळ ऐकेल, याचा भरवसा नव्हता.

तिला ‘ये’ म्हणायची सोय नव्हती. नाना पाय फरफटत सतरंजीच्या कडेपर्यंत गेले आणि त्यांनी मान वाकवली.

कामिनीने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. उठून तिने आधी बोट तारेवर आणलं. एक ठोका दोघांच्या बोटांनी मिळून वाजला. मग तिने त्यांच्या मानेतून पट्टा काढून आपल्या गळ्यात घातला. तार थांबली नव्हती.

आता राहिलं दुसरं. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्या पाया पडल्याशिवाय देणाऱ्याचा पहारा पुरा होत नाही. मग तो सावकार असो की आचाऱ्याच्या हाताखालचा गडी. नानांनीच हे दर वर्षी नव्या माणसाला समजावून सांगितलं होतं. कामिनीलाही ते माहीत होतं. ती चटकन मागे सरली आणि तिने मान हलवली, नको. बोलायची तिलाही आता बंदी होती.

नानांनी मांडवाचा खांब धरला. एक गुडघा टेकला, मग दुसरा. सुनेच्या पायांवरची धूळ आणि नळाचं पाणी त्यांच्या कपाळाला लागलं. उठायला वेळ लागला.

तोवर आबा पळत आले, घाईघाईने पाय धुतलेले, धोतर भिजलेलं. “नाना, चुकनं मनं. आन वं कामिनी, आते मी लेस वीणा.”

“आठे बस,” नाना म्हणाले. “सहा वाजापावत तिना पहारा शे.”

आबा खाली मान घालून सतरंजीवर बसले. नाना त्यांच्या शेजारी पाय लांब करून बसले. कामिनी तसबिरींसमोर हळूहळू फिरत होती, ओठ हलत होते. थोड्या वेळाने आबा दबक्या आवाजात म्हणाले, “पन नाना, तुम्हीच सांगा, ती म्हातारी—”

नानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आबांनी मुकाट्याने टाळ हातात घेतले.

कपाळावरची धूळ नानांनी पुसली नव्हती. मांडीवर त्यांचं बोट सवयीने अजून तार छेडत होतं. आधी ते आपल्याच लयीत हललं. मग हळूहळू कामिनीच्या बोटाच्या मागून चालू लागलं.