पेटीतलं ओंगण

जर्मन-जपानची लढाई संपून साल झालं होतं, तरी जालन्याच्या बाजारात गिअरचं घट्ट तेल मिळत नव्हतं. मी तेव्हा चतुराबाईंचा ट्रॅक्टर चालवायचो. लोखंडी चाकांचा, रॉकेलवर चालणारा, तोही दुसऱ्याच्या हातून घेतलेला. त्यांच्या मालकांनी तो आणला आणि पुढच्याच साली ते वारले. मूलबाळ नव्हतं. कुंभार पिंपळगावच्या शिवारातली सगळी शेती बाई एकट्या पाहू लागल्या. हाताखाली मी आणि कचरूमामा. कचरूमामा जुना सालगडी, त्याचा जन्म बैलगाडीवर गेलेला.

बारवेजवळ बाईंचं मोठं वावर होतं. मालक गेल्यापासून ते पडीक राहिलं आणि त्यात कुंद्याचं तण माजलं. कुंद्याच्या मुळ्या हातभर खोल जातात. दोन बैलांचा नांगर त्यावरून नुसता खरवडत निघतो. पाडव्याला बटईचे, म्हणजे वावर अर्ध्या वाट्यानं दुसऱ्याला कसायला द्यायचे, बोल ठरतात, तेव्हा बाईंचे दीर भुजंगराव चार लोकांसमोर म्हणाले, "वहिनी, वावर असं पडीक ठेवलं तर लोक आपल्या घराला हसतेत. तुमच्यानं होत नसंल तर मला बटईनं द्या."

"मिरग निघायच्या आत सगळं नांगरून दावते, भाऊजी. एक वीतभर राह्यलं तरी तुम्ही करा."

बोल झाला. एकदा बटईनं गेलेलं वावर भावकीकडून सहज परत येत नसतं. हे बाईंना ठाऊक होतं आणि भुजंगरावांनाही.

सगळा भार मग ट्रॅक्टरवर आला, आणि ट्रॅक्टरची गिअरची पेटी म्हातारी झाली होती. चालताना ती रडायची. मी तिला जपून वापरत होतो. चालत्या गाडीत दांडा ओढायचा नाही, पूर्ण थांबायचं, क्लच दाबून आतली चाकं थांबेपर्यंत दम धरायचा. क्लचवर पाय टेकवून बसायचं नाही. पहिल्या गिअरात जेवढं होईल तेवढंच करायचं. पेटीच्या टोपणाभोवती चिंधी बांधायची, नांगरटीची धूळ आत जाऊ नये म्हणून. एवढं केलं की जुनी दातेरी चाकंही बरीच वर्षं निघतात. पण आत तेल हवं, आणि ते रोज थोडं गळत होतं.

चैत्र संपताना अर्धं वावर झालं. एका दुपारी जेवून आलो, गाडी सुरू केली आणि नांगराच्या तासाला लागलो. थोडं पुढं गेल्यावर ध्यानात आलं की पेटी रडत नाही. बिलकुल आवाज नाही. बाई बांधावर बसल्या होत्या, त्यांनाही ते जाणवलं.

"बद्रीनाथ, आज लई गुमान चालून राह्यलं की हे."

मला बरं वाटलं नाही. कुरकुरणारं म्हातारं माणूस एकाएकी गप्प झालं तर घरचे लोक जवळ जाऊन बघतात. मी गाडी उभी केली, टोपण काढलं, आत काडी घातली. काडी काळीकुट्ट निघाली. बोटांत घोळवून पाहिलं तर कचकच लागली.

कचरूमामा हसतच आला. "डायवर, आता कसं वाटतंय? तू जेवायला गेल्तास, तवा म्या पाजलं त्याला. सारखं करकर करून राह्यलं होतं. आस कोरडा पडला की गाडी अशीच वरडती."

"काय पाजलं, मामा?"

"ओंगण. गाडीला टांगलेला सगळा नळा रिता केला."

गाडीच्या आसाला घालायचं ओंगण आमच्याकडं एरंडेलात जळक्या काडाची राख घोटून करतात. लाकडी चाकाला ते मानवतं, राखेमुळं ते आसाला धरून राहतं. पण गिअरच्या चाकांना राख म्हणजे कानस. दात घट्ट ओंगणात बुडाल्यामुळं आवाज दबला होता आणि आतून झीज चालू झाली होती.

मी सांगितलं तसा कचरूमामाचा चेहरा उतरला. "म्या तर चांगलं म्हणून..." एवढंच बोलला आणि खाली बसला.

"त्याला बोलू नको," बाई म्हणाल्या. "पुढचं सांग."

"दोन वाटा हायेत, बाई. असंच चालवलं तर कदाचित वावर होईल, कदाचित उद्याच दात तुटतील. तुटले तर त्याचा भाग मिळणार न्हाई. न्हाईतर पेटी खोलायची, रॉकेलनं धुवायची, राख काढायची. त्यात दिवस जातील आणि रॉकेलबी जाईल."

रॉकेल परवान्यावर मिळायचं. धुण्यात गेलेला प्रत्येक डबा नांगरटीतून कमी होणार होता. बाईंनी उरलेल्या वावराकडं एकदा पाहिलं.

"खोल," त्या म्हणाल्या.

चिंचेखाली पेटी खोलली. दुसऱ्या दिवशी भुजंगराव घोडीवरून आले. उघडी पेटी पाहून खाली उतरले.

"काय रे बद्री, आतडी काढून बसलास? वहिनी, याला बाजारात न्या. भंगारवाले जल्दी घेऊन जातील."

"मिरग निघाला का, भाऊजी?"

"निघंल की. तो काय तुमच्यासाठी थांबतो का?"

"मंग निघाल्यावर या."

घरातलं दिव्याचं रॉकेलही बाईंनी बाहेर काढलं. घरात करडईच्या तेलाचे दिवे लागले. कचरूमामा एकेक दात चिंधीनं पुसत होता आणि बोट फिरवून पुन्हा पुसत होता. तेल्याच्या घाण्यावरून नुसतं एरंडेल आणलं. बाईंनी ते धुवट लुगड्याच्या पदरातून गाळलं, मग परत गाळलं. झाकणाखालचं पॅकिंग फाटलं होतं. विहिरीवरच्या फाटक्या मोटेचं चामडं तेलात भिजवून मी त्याच्या मापाचं कापून बसवलं. त्यानं गळतीही थांबली.

पण धुताना तळाला एक दात सापडला. मागं जायच्या गिअरचा होता. तो केव्हा तुटला कोण जाणे, राखेच्या आधीचाही असेल. बाकीचे दात अजून उभे होते. मी बाईंना म्हणालो, "आता मागं घ्यायचं न्हाई. गिअरबी बदलायचा न्हाई. सकाळी पहिल्यात टाकायचा, काम थांबवतानाच काढायचा."

"मग बांधाला गेल्यावर वळणार कसा?"

"वळायचंच न्हाई. कडेकडेनं गोल फिरत आत यायचं."

तसंच केलं. उरलेल्या वावराला वेढे घालत मी आत आत येत गेलो. रॉकेल वाचवायला गाडी तासात उभी करायची नाही, पाणीसुद्धा कचरूमामा सोबत चालत हातात द्यायचा. एरंडेल तापलं की पातळ होतं, म्हणून ऊन चढलं की थांबायचो. पेटी पुन्हा रडू लागली होती. तिचा तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं.

रोहिणी सरत आल्या तेव्हा शेवटचा डबा संपला. वावर काळंभोर दिसत होतं. पण गोल फिरणाऱ्या गाडीचे कोपरे राहतात, आणि मधे वळायला जागा उरत नाही म्हणून मधलाही एक तुकडा राहिला. त्यात कुंदा हिरवागार उभा होता.

भुजंगराव बांधावरून चालत आले. प्रत्येक कोपऱ्यावर थांबले.

"वहिनी, वीतभर म्हणाल्या होत्या. हे किती झालं?"

"मोजू नका, भाऊजी. आजून मिरग निघाला न्हाई." बाईंनी पदर खोचला आणि कुदळ घेतली. "कचरू, चल. बद्रीनाथ, तू बी."

भुजंगराव म्हणाले, "नांगरून दावते म्हणाल्या होत्या. खणून न्हाई."

"कुंदा निघाल्याशी मतलब. इचारा की लोकांला."

ते बांधावरून परत गेले. कोपरे आम्ही हातानं खणले. बाईंच्या हातांना फोड आले तेव्हा त्यांनी चिंध्या गुंडाळल्या. झुंबरबाई शेजारच्या वावरातून आपली कुदळ घेऊन आली, म्हणाली, "इंजन आणलं तरी खणायचं चुकलं न्हाई की, बाई." बाई हसल्या. मधला तुकडा सगळ्यात कठीण होता. कचरूमामा तिथं खणत होता, मुळी हाती लागली की तिचा माग काढत शेवटापर्यंत जायचा आणि बाहेर फेकायचा. त्याला बस म्हटलं तरी तो बसला नाही.

मृग निघायच्या आदल्या दिवशी भुजंगराव पुन्हा आले. हातातली काठी त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यांत रोवून पाहिली. काठी आत जात होती. मधल्या तुकड्यावरही पाहिली. मग बारवेच्या पायरीवर बसून बाईंकडं पाणी मागितलं. बाईंनी तांब्या दिला.

पाणी पिऊन ते म्हणाले, "बटईचं ऱ्हाऊ द्या मंग." तांब्या परत देताना म्हणाले, "मधी तूर घाला. तुरीखाली कुंदा दबतो."

"बी हाये का तुमच्याकडं?"

"पाठवून देतो," म्हणून ते घोडीकडं गेले. बाईंनी कुदळीची माती खरडली आणि कचरूमामाला बैल पाण्यावर न्यायला सांगितलं.