श्रद्धेवर चालणारा फ्रिज

"चालला! बघा, बघा, चालला!"

शाळेमागच्या पटांगणात सगळा तालुका लोटला होता. कुणी घोड्यावरून आलेलं, कुणी मोटरसायकलवरून. मधोमध पिवळ्या झग्यातला फिरता साधू-विक्रेता लुव्सान पाटाएवढी सोलर प्लेट डोक्यावर धरून उभा होता, आणि तिच्या वायरीवर भला मोठा फ्रिज घुरघुरत होता. फ्रिज ठेवला होता पोकळ लाकडी चौथऱ्यावर, आणि चौथऱ्यावर जमिनीपर्यंत निळं रेशीम.

"मोठ्या प्लेटा श्रद्धा नसलेल्यांना लागतात!" लुव्सान गरजला. "ही मंतरलेली आहे. सूर्य वॉट बघत नाही, मन बघतो. आणि बंद पडलीच, तर समजा, घरात कुणीतरी शंका घेतंय!"

काय सोय! माल बिघडला तर दोष गिऱ्हाइकाचा.

मेंढपाळ गोम्बो पुढे सरकला. त्याची बायको यान्जमा फुप्फुसाच्या आजाराने आमच्या दवाखान्यात होती. झोपताना तिला ऑक्सिजनचं यंत्र लागे. राहत्या तंबूत भरवशाची वीज असेल तर घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि यान्जमाने एकच धोशा लावला होता, मला घरी न्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. गोम्बोला बाही धरून बाजूला घेतलं. "दादा, ते यंत्र तीनशे वॉट खातं, तेही रात्रभर. ही प्लेट भर उन्हात पन्नास देईल, हिवाळ्यात दिवसाचे चार-पाच तास. असल्या पंधरा-वीस लागतील. वर रात्रीसाठी आणि ढगाळ दिवसांसाठी बॅटऱ्या."

"बाई, तुम्ही आकडे सांगता. तो चालवून दाखवतो."

"बाबा, बाईंचं ऐका ना," त्याची मोठी मुलगी सोलोंगो म्हणाली.

"तू गप्प बस. दवाखान्यात आईसमोर असलं बोलू नकोस."

दोन घोड्या देऊन त्याने प्लेट आणि यंत्र जोडायचं एक बंद खोकं घेतलं.

पुढचं मला सोलोंगोने सांगितलं. गोम्बोने यान्जमाला यंत्रासह तंबूत आणलं. पहिल्या रात्री यंत्र चाललं. गोम्बो आनंदाने रडला. दुसऱ्या दिवशी बर्फ पडू लागलं आणि संध्याकाळी यंत्र टूं-टूं करत बंद पडलं. यान्जमाचे ओठ निळे पडायला लागले. गोम्बोने प्लेट पुसली, मंत्र म्हटला, पुन्हा पुसली. मग त्याला लुव्सानचे शब्द आठवले.

"सोलोंगो, बाहेर हो."

"बाबा, आईला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात नेऊ या."

"शंका तूच घेतलीस! काकाच्या तंबूत जा. तू गेलीस की सुरू होईल."

यान्जमाने हात उचलला. "राहू दे तिला," एवढंच म्हणाली. पुढे बोलायला श्वास नव्हता.

सोलोंगो काकाकडे गेली. सकाळी परतली तेव्हा आई गेली होती, आणि बाप अजून प्लेट पुसत होता.

वसंतात लुव्सान पुन्हा आला. तेच पटांगण, तोच फ्रिज. सोलोंगो गर्दीतून पुढे गेली, अंगातला जाड कोट काढला आणि त्याच्या हातातल्या प्लेटवर टाकला. उन्हाचा कवडसाही आत जाईना. फ्रिज मात्र घुरघुरतच राहिला.

"अगं बाई," एक म्हातारी म्हणाली, "हा अंधारातपण चालतोय की!"

मी रेशीम ओढलं. खाली ट्रकच्या बॅटऱ्या, शहरातून चार्ज करून आणलेल्या. फ्रिजची खरी वायर चौथऱ्यातून त्यांनाच जोडलेली होती. प्लेटची वायर नुसती मागे लोंबत होती. गोम्बोच्या बंद खोक्यातही अशीच एक बॅटरी होती, एका रात्रीपुरती भरलेली.

"शंकेमुळे... ही शंका..." लुव्सान पुटपुटला. गर्दीतल्या पोलिसाने त्याचं मनगट धरलं.

गोम्बो माझ्याजवळ आला. "बाई, म्हणजे पोरगी आत असती, तरी...?"

"तरी बंदच पडलं असतं, दादा. तिच्यामुळे काही झालं नाही."

"मग मी तिला बाहेर कशाला काढलं?"

सोलोंगो कोट छातीशी धरून दूर उभी होती. ती बापाजवळ आली नाही.

म्हणून हात जोडून सांगते. घरात वीज घ्याल तेव्हा विचारा: काय चालवायचंय, किती तास, हिवाळ्यात ऊन किती, ढग आले तर काय? जो विचारू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका. सूर्य कुणाच्या शंकेने मंद होत नाही. प्लेट लहान होती म्हणून यंत्र थांबलं. पण यान्जमा लेकीशिवाय गेली, ती विचारण्यालाच आम्ही पाप मानलं म्हणून.