पोत्याखालचा भात

ऐक ना, फक्त ऐक, मधे बोलू नको, नाहीतर माझं सगळं पुढचं मागं होतं.

दिघोरीच्या मांडवामागं वच्छलाबाई उभी. समोर भाताचा हा एवढा ढीग, पहाटेच शिजवलेला. लग्न अकराचं होतं, ऊन डोक्यावर आलं, आणि वऱ्हाडाचा पत्ता नाही! लग्न तिच्या भाचीचं, तृप्तीचं. नवरा गेल्यापासून वच्छलाबाई भावाकडंच राहायची, आणि वस्तीतल्या प्रत्येक लग्नाचा भात तिच्या हातचा. शीत न् शीत मोकळं, असा भात.

"दादा, कुठं पोचले पाहुने?"

देवाजी, म्हणजे तिचा भाऊ, घामानं निथळत होता. "अड्याळजवळ गाडी बंद पडली मनते. दुसरी पाहून राहिले."

"मंग गाववाल्याइले तरी जेवू घाल ना. भात कवाचा होऊन पडला."

"पागल झाली का व? नवरदेव उपाशी अन् आपन ढेकर देऊन राहिलो? शहापूरवाले जल्मभर टोमने मारतील पोरीले. भात गरम ठेव, बस."

मग तिनं आईनं शिकवलेलं तेच केलं. ढीग दाबून बसवला, वर ओल्या कापडाचा धडपा, त्यावर दोन-दोन पोती. मधूनमधून आत हात घालून बघायची. ऊब आहे! मनातून खूषच होती ती.

वऱ्हाड आलं ते उन्हं कलल्यावर. भंतेजींनी घाईघाईत लग्न लावलं. तिनं भाताचा वास घेतला, दोन शितं चोळून पाहिली. काही नाही, चांगला होता. तरी मनाच्या समाधानासाठी मोठमोठ्या गंजांत, पातेल्यांत, भरून पुन्हा चुलीवर चढवून खणखणीत वाफ दिली. पंगती बसल्या. शेजारचा चिंधूभाऊ, दोन म्हशींचा धनी, मठ्ठ्याच्या कॅनी घेऊन आला होता. तृप्तीला त्याच्याकडून आहेर तोच.

"काय गा बुढा, मठ्ठ्यात म्हैस किती अन् पानी किती?" शहापूरचा एक जण ओरडला.

"म्हैस पान्यातच बसते बापा, मी काय करू!" म्हातारा स्वतःच हसत सुटला.

आणि दिवे लागायच्या आधीच सुरू झालं ना! पहिली ओकारी विहीणबाई ललिताबाईंना. मग नवरदेव योगेंद्र, मुंडावळ्यांसकट पडवीच्या काठावर वाकलेला. मग अर्धा मांडव. सगळ्यांना लाखांदूरच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावल्या. सकाळपर्यंत सगळे उठून बसले, कुणाच्या जिवाला काही झालं नाही. पण ललिताबाई उठल्या त्या हेच बोलत:

"पोरगी ठेवा तुमच्याच घरी! पाहुन्याइले शिळं चारनारे लोक!"

देवाजीच्या तोंडून निघून गेलं, "शिळं कायचं, विहीनबाई? भात तुमी आल्यावरच शिजला. मठ्ठा तेवढा बाहेरचा होता."

सगळ्या माना वळल्या. चिंधूभाऊ तिथंच होता, रात्रभर लोकांच्या तोंडाखाली धरलेली बादली हातात घेऊन.

दुपारी आरोग्य केंद्राची दीपमाला सिस्टर घरी आली. भात कधी शिजवला, विचारलं. देवाजीनं तेच सांगितलं. सिस्टर ओट्यावर बसून बायांना म्हणाली, "कसं हाये, भातात एक जंतू असते. त्याचं बी असं चिवट, उकळीतबी मरत नाई. भात लवकर थंडा केला तर निजून राहते. पन तासन्‌तास कोमट ठेवला का जागते, वाढते, अन् जहरी इख सोडते. मंग कितीबी वाफ द्या, जंतू मरते, इख तसंच. वास नाई, चव नाई."

वच्छलाबाई दाराआड होती. पऱ्हे टाकायच्या, म्हणजे रोपं करायच्या आधी धानाचं बी भिजवून पोत्याखाली दाबतात, ऊब लागली की मोड फुटतात, हे तिला कोण सांगणार? दिवसभर तिनं तेच तर केलं होतं. ती उगवण बघायला सारखा हात घालत होती.

"उरलं का काही? तपासाले पाठवा लागते," सिस्टर म्हणाली.

"सारं बोडीच्या पान्यात टाकलं," देवाजी म्हणाला.

टाकलं कसलं! उरलेल्या भाताचा गंज वच्छलाबाईच्या पाठीशी होता, तिच्या पदराला टेकलेला. अंगणात जीप चालू, तृप्ती पिशवी मांडीवर घेऊन आत बसलेली. शेजारी सासू, मठ्ठ्याचाच दोष म्हणून सुनेला न्यायला तयार झालेली, सगळं ऐकत. आणि कुंपणाशी चिंधूभाऊ, हात जोडून.

"वच्छलाबाई, तू तं होती ना वाढाले. माहा मठ्ठा खराब होता का, तू सांग," तो म्हणाला.

देवाजी बघतोय. तृप्ती बघतेय. मागं सरकायला जागा नाही, तिथं गंज.

"मले," वच्छलाबाई म्हणाली, "मले मठ्ठा जरासा आंबूस लागला, सिस्टर."

जीप गेली. आता तृप्तीला एक मुलगी आहे, सासू जीव टाकते दोघींवर. चिंधूभाऊला मात्र त्यानंतर कुणी लग्नाला मठ्ठा सांगितला नाही. एक म्हैस विकावी लागली, उरलेलीचं दूध वस्तीत कुणी घेत नाही. एकटी वच्छलाबाई जाते, रोज सकाळी, दुधाला गडवा, म्हणजे तांब्या, घेऊन.

"तुले भेव नाई वाटत व, माह्या घरच्या दुधाचं?" तो विचारतो.

ती गोठ्यातच, त्याच्यासमोर, उभ्या उभ्या गडवा तोंडाला लावते आणि सगळा संपवते.

तू सांग ना आता. पाठीला गंज, समोर जीप. तू काय म्हणाली असतीस?