कासाकु मिस्त्रीची लाकडी पाणबुडी

पाणबुडी लाकडाची असते असं कोणी सांगितलं तर ऐकणारा हसेल. पण गोदीच्या सात नंबरच्या शेडमध्ये ती होती. पूर्ण मापाची, पाइनच्या लाकडाची, आणि बांधली होती त्सुमुरा कासाकुने, म्हणजे ज्याने सगळी हयात देवळं बांधण्यात घालवली अशा सुताराने. आधी लाकडाची बांधायची, तिच्यात माणसं फिरवायची, कुणाचं डोकं कुठे आपटतं ते बघायचं, आणि मग लोखंडाला हात घालायचा, अशी पद्धत होती. कागदावर सगळं नीट बसतं. माणसाची कोपरं कागदावर नसतात, हीच अडचण.

मोठ्या पाणबुड्यांचे लाड सगळेच करायचे. शंभर मीटर लांब, महासागर ओलांडून जाणाऱ्या त्या बोटींचे फोटो पोरं वहीत चिकटवायची. मधल्या मापाची बोट म्हणजे घरातलं मधलं मूल, तिच्याकडे कोण बघतो? पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा तिचे नकाशे फ्रान्सहून आले, इटलीहून आले, इंग्लंडहून आले. दुसऱ्याचा अंगरखा आणून आपल्या अंगावर बेतावा तसं दहा-बारा वर्षं चाललं. मग लंडनच्या कराराने पाणबुड्यांच्या एकूण वजनालाच कुंपण घातलं, आणि वरच्यांना जाग आली. लहान, बळकट, वेळ पडली तर भराभर बांधता येईल अशी एक बोट हवी, आणि ती पहिल्या रेघेपासून आपली हवी. ती रेघ मारायचं काम हागिवारा साहेबांकडे आलं.

हागिवारा नौदलाचे इंजिनियर. चाळिशी जवळ आलेली, चष्मा जाड, जेवणाचा डबा नकाशावर ठेवूनच जेवायचे. त्र्याहत्तर मीटर लांबीत त्यांनी बेचाळीस माणसं, दोन इंजिनं, पुढे टॉर्पेडोच्या चार नळ्या, बॅटऱ्या, भात शिजवायची भांडी असं सगळं बसवलं होतं, आणि तरीही ती बोट पाण्याच्या वर ताशी एकोणीस सागरी मैल वेगाने पळणार होती. गोदीतल्या भल्याभल्यांनी माना हलवल्या होत्या. कासाकुने ते नकाशे पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाला, "साहेब, यात फुकट गेलेली एक बोटभर जागा नाही. असं काम मी आजवर एकाच देवळात पाहिलंय, आणि तो बांधणारा मरून तीनशे वर्षं झाली."

हागिवारांना स्तुती पचत नसे. ते म्हणाले, "माझ्या मरणाची घाई करू नका मिस्त्री. आधी बांधा."

कासाकुने आठ महिन्यांत लाकडी बोट उभी केली. नळ्या लाकडाच्या, चाकं लाकडाची, दांडे लाकडाचे. बोटीवरची माणसं डोळ्यांना पट्टी बांधून त्यात सराव करायची, कारण खाली दिवे गेले तर हातच डोळे. त्यांच्यात निवा नावाचा एक बुटका, रुंद खांद्यांचा नाविक होता. टाक्यांत हवा सोडायचे दांडे त्याच्याकडे. टाकीतलं पाणी त्या हवेने बाहेर ढकललं तरच बोट वर येते, म्हणजे बेचाळीस जणांचं घरी परतणं निवाच्या दोन हातांत. त्याचे हात वरच्या दांड्यापर्यंत पुरेनात म्हणून कासाकुने तो दांडा तीन वेळा काढून खाली आणला.

"मिस्त्री, एवढा त्रास घेण्यापेक्षा मलाच ओढून लांब करा ना," निवा म्हणायचा.

"ओला असतास तर केलं असतं. वाळलेलं लाकूड ओढता येत नाही."

तर अशी ती बोट. आणि ती पुरी व्हायला एक दिवस राहिला असताना कासाकुने त्याच्या धंद्यात सगळे जे करतात ते केलं.

देवळाच्या सुतारांचा एक जुना रिवाज आहे. पूर्ण झालेली वस्तू त्याच क्षणापासून उतरणीला लागते असं ते मानतात. म्हणून सगळ्या खांबांत एक खांब मुद्दाम उलटा उभा करायचा, बुंध्याकडची बाजू वर. काम अपुरं राहतं, आणि अपुरं आहे तोवर ते टिकतं. कासाकुच्या बापाने केलं, आज्याने केलं. कासाकुने लाकडी पाणबुडीत खांब शोधला, तर खांब कुठे होते? दांड्यांच्या वरून हवेची नळी जात होती, तिला धरून ठेवणारी बारा ब्रॅकेटं होती. प्रत्येकाला दोन भोकं, वरचं लांबट, खालचं गोल. कासाकुने बारावं ब्रॅकेट काढलं, उलटं केलं आणि बसवून टाकलं. लाकडाची नळी, लाकडाचा तुकडा. कोणाचं काय जाणार होतं? त्याने समाधानाने हात झटकले आणि घरी जाऊन गरम पाण्यात बसला.

देवळाची कोणी नक्कल करत नाही. ही बोट मात्र नक्कल करण्यासाठीच बांधलेली होती, आणि एवढी एक गोष्ट आमच्या शहाण्या मिस्त्रीच्या डोक्यात आली नाही.

वर्षभराने लोखंडी बोट पाण्यात तरंगत होती. तीन दिवसांनी तिची पहिली खोल बुडी होती, पंच्याहत्तर मीटरची. नियंत्रणाच्या खोलीत एक छोटं देवघर बसवायचं होतं आणि ते हिनोकीच्या, म्हणजे देवळांना वापरतात त्या लाकडाचं, कासाकुनेच घडवलेलं होतं. ते फडक्यात गुंडाळून तो शिडीवरून खाली उतरला आणि दारातच थांबला. सगळं त्याचंच होतं. तोच दांडा, तीन वेळा खाली आणलेला, आता पितळेचा. तेच कोपरे, गोल केलेले, कुणाची कोपरं फुटू नयेत म्हणून. त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवले नाहीत.

"रडताय काय, मिस्त्री?" निवा दांडे पुसत होता. "अजून बुडालो नाही आम्ही."

मग कासाकुची नजर वर गेली. नळी. ब्रॅकेटं. तो मोजत गेला. अकरा सरळ. बारावं उलटं.

"निवा," तो हळूच म्हणाला, "त्या ब्रॅकेटांची भोकं सारखी का नाहीत रे?"

"तुम्ही केलीत आणि मला विचारता? हे बघा." निवाने एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत ताणून बांधलेला दोरा दाखवला. "आत्ता कसा ताठ आहे? खाली गेलो की लोंबतो. पाणी चहूबाजूंनी आवळतं ना, लोखंड आकसतं. कवच आकसलं की नळीला सरकायला जागा पाहिजे, म्हणून वरचं भोक लांबट. नाहीतर नळीवर ताण येणार, सांधा फुटणार. आणि आत हवा कसली, तर बाहेरच्या हवेच्या दोनशे पट दाबाची. गेलीच मग."

"आणि ते बारावं?"

"ते वेगळं आहे. आम्ही विचारलं होतं. नकाशेवाले म्हणाले, कासाकु मिस्त्रीनं उलटं बसवलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. तुमचं नाव निघाल्यावर पुढे कोण बोलतो?"

कासाकुने देवघर तसंच फडक्यात गुंडाळलं. खिळा विसरलो म्हणाला, आणि वर आला.

धक्क्यावर बसून त्याने डबा उघडला. भाताच्या गोळ्यातलं खारवलेलं आलुबुखार त्याला मातीसारखं लागलं. गप्प बसलं तर? कदाचित काही होणारही नाही, एकाच ब्रॅकेटचा तर प्रश्न. आणि बोललं तर? नौदलाच्या कामात मुद्दाम खोट ठेवली, असंच कोणीही म्हणेल. लष्करी पोलीस सुताराचे रिवाज ऐकून घेत बसत नाहीत. चाळीस वर्षांचं नाव जाईल, पोरीच्या सासरी तोंड दाखवता येणार नाही. पण डोळ्यांपुढे सारखा तो दांडा येत होता. निवाने तो बरोबर वेळी ओढला आणि वर हवाच नसली तर? बेचाळीस माणसं त्याच्या एका रिवाजाखाली चिरडणार. कासाकुने डबा मिटला आणि हागिवारांच्या खोलीकडे चालायला लागला.

हागिवारा नकाशावर वाकले होते. कासाकु जमिनीवर गुडघे टेकून बसला, कपाळ फरशीला लावलं आणि सगळं सांगितलं. आपल्या बाजूने एक शब्दही जोडला नाही.

खण उघडल्याचा आवाज आला. हागिवारांनी तीन कागद त्याच्यापुढे जमिनीवर ठेवले. बारीक आकड्यांनी भरलेले.

"हे काय आहे, माहितीये मिस्त्री? बारावं ब्रॅकेट उलटंच का असलं पाहिजे, त्याचं गणित. तुमच्या बोटीवरून काढलेल्या नव्या नकाशात मी बघितलं, चमकलो. मग म्हटलं, कासाकु मिस्त्री चुकणार नाही, माझ्याच लक्षात येत नसेल. तीन दिवस डोकं फोडलं. आणि कारण सापडलं हो मला! चांगलं तीन पानी. सही केली." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "सातव्या शेडपर्यंत चालत यायला मला पाच मिनिटं लागली असती. नुसतं विचारायचं होतं."

"चूक माझी आहे साहेब."

"तुमची लाकडातली. लोखंडातली माझी. उठा आता. गुडघे दुखतील तुमचे."

दोघं मिळून गोदीच्या प्रमुखांकडे गेले. प्रमुखांचा आवाज तीन शेडपलीकडे ऐकू गेला असं लोक सांगतात. हागिवारांनी ते तीन कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले की सही माझी आहे, सुताराला कोणी हात लावायचा असेल तर आधी मला. एवढ्या अभिमानी माणसाने एवढं सोपं वाक्य बोलावं, हे मला त्या अख्ख्या पाणबुडीपेक्षा मोठं वाटतं. शेवटी प्रमुख थकले. बुडी एक दिवस पुढे ढकला, ब्रॅकेट सुलटं करा, आणि त्या सुतारालाही बोटीत घाला म्हणजे कळेल, असं ओरडून त्यांनी विषय मिटवला.

ब्रॅकेट फिरवायला तासभर लागला. ते बसताना कासाकु शेजारी उभा होता. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा तो पुटपुटला, "आता ही पुरी झाली. साहेब, खरं सांगू? मला भीती वाटते."

हागिवारा भडकले. "या बोटीत तुमच्या भीतीला जागा नाही. तुम्हीच म्हणाला होतात, फुकट गेलेली बोटभर जागा नाही म्हणून."

संध्याकाळी घरी जाऊन कासाकुने देवघर फडक्यातून सोडवलं आणि छिन्नी काढली. काय केलं ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

बुडीच्या सकाळी समुद्र सपाट होता. कासाकुने देवघर भिंतीला बसवलं, टाळी वाजवून हात जोडले आणि निवाच्या शेजारी अंग चोरून उभा राहिला.

"मला पोहता येत नाही रे," तो म्हणाला.

"तिथं खाली पोहता येऊन काय करणार आहात, मिस्त्री?"

झाकणं मिटली. इंजिनं थांबली, आणि बोट इतकी अलगद खाली गेली की कासाकुला कळलंच नाही. तीस मीटर. पन्नास. मग लोखंड बोलायला लागलं. आधी करकर, मग कण्हल्यासारखा एक लांब आवाज. बाकीचे श्वास रोखून होते. कासाकु मात्र कान देऊन ऐकत राहिला. हिवाळ्यात नव्या देवळाची तुळई पहिल्यांदा छपराचं वजन घेते तेव्हा असाच आवाज करते. ती मोडत नसते, बसत असते. "बरोबर आहे," तो मोठ्याने म्हणाला, "बसतेय ती," आणि शेजारच्या दोघा-तिघांचे खांदे खाली आले.

पंच्याहत्तर. समोरचा दोरा लोंबला होता. कासाकुने हात वर करून बाराव्या ब्रॅकेटवर बोट ठेवलं. बोल्ट लांबट भोकात सरकला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. एवढीच जागा लागली होती, आणि एवढीच त्याने अडवून ठेवली होती. त्याने बोट तिथून काढलंच नाही. निवाने बघितलं, पण या वेळी चेष्टा केली नाही.

"टाक्या रिकाम्या करा," हुकूम आला. निवाने दांडा ओढला. नळीतून हवा सुसाटत गेली, बोटीने नाक वर केलं, आणि बेचाळीस माणसं, एक इंजिनियर आणि एक सुतार उजेडाकडे निघाले. जगात कुठेही, कुठल्याही गोदीत अशी मधल्या मापाची बोट त्या दिवशी कुणाकडे असेल असं मला वाटत नाही. कासाकुला तर खात्रीच होती.

झाकण उघडलं, समुद्राचा वास आत आला. माणसं ओरडत शिडीकडे धावली. हागिवारा मात्र देवघरासमोर थांबले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळजवळ लाकडाला लावलं, आणि कासाकुला बोटाने जवळ बोलावलं.

"मिस्त्री, हा डावा खांब. रेषा बघा लाकडाच्या. बुंधा वर आहे. हा उलटा बसलाय का?"

कासाकुने त्यांच्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला.

"हो साहेब," तो म्हणाला, "मुद्दाम. पण विचारलंत, हे फार बरं केलंत."